पांढरीखालचं भोगवर्धन

आमच्याकडे गावाची जमीन दोनच रंगांची: काळी आणि पांढरी. काळीत पेरायचं, पांढरीत राहायचं. एकाच जागी शेकडो वर्षं घरं पडत गेली, पडक्या घरांवर नवी उठत गेली, चुलीची राख, गोठ्यातलं शेण, भिंतींचा चिखल एकमेकांत मुरत गेला, की मातीचा मूळ रंग उतरतो आणि ती फिकट, भुरभुरीत होते. हीच पांढर. माळवदावर घालायला आणि भिंती लिंपायला लोक तीच माती आणत. भोकरदनमध्ये वाढलेल्या माझ्या पिढीला ती आणखी एका कारणाने ओळखीची आहे. वळवाचा पहिला पाऊस धो धो कोसळून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोरं दरडीच्या कडेकडेने मणी हुडकायला जायचो. पाण्याने वरची माती धुऊन गेलेली असायची आणि ओल्या मातीत एखादा लाल, एखादा काळा ठिपका चमकायचा.

माझ्या आजीकडे अशा मण्यांचा एक सर होता. त्यातला एक मणी मी आजही जवळ ठेवला आहे. मसुरीच्या दाण्याएवढा, अकिकाचा, गडद लालसर. उजेडाकडे धरून छिद्रातून पाहिलं तर आरपार दिसत नाही. भोक दोन्ही बाजूंनी पाडलेलं आहे आणि मधोमध, जिथे दोन्ही भोकं भेटतात, तिथे केसभर फरक पडला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथे कुणीतरी एका बाजूने निम्म्यापर्यंत भोक पाडलं, मणी उलटा केला, दुसऱ्या बाजूने सुरुवात केली आणि त्याचा अंदाज केसभर चुकला. त्या माणसाचं नाव कधीच कळणार नाही. पण त्याचा हात किती स्थिर होता आणि नेमका कुठे किंचित हलला, हे मला त्या मण्यात दिसतं. भोकरदनवर पुस्तक लिहावं असं माझ्या मनाने घेतलं ते या छिद्रातून पाहता पाहता.

नावापासून सुरुवात करतो, कारण गावात पहिला वाद तिथेच होतो. लहानपणी आम्हाला सांगितलं जायचं की भोकराची झाडं पुष्कळ म्हणून भोकरदन. भोकराच्या लोणच्यावर वाढलेल्या मुलांना ते पटायचंही. खरं नाव भोगवर्धन. प्राकृतात त्याचं भोगवढन झालं आणि लोकांच्या जिभेवर घासत घासत भोकरदन. पुराणांमध्ये दक्षिणापथातल्या लोकांच्या याद्या येतात, त्यात अश्मकांच्या जोडीने भोगवर्धन हे नाव आहे. सांचीच्या स्तूपावर ज्यांनी आपल्या दानाची नोंद कोरून ठेवली त्यांच्यात भोगवढनची माणसं आहेत. सांची इथून चारशे किलोमीटरच्या वर. पायी किंवा बैलगाडीने जाऊन, तिथे दान देऊन, आपण कुठले हे दगडात कोरून ठेवण्याइतका आपल्या गावाचा अभिमान त्या माणसांना होता. इसवी सनापूर्वीची गोष्ट आहे ही.

आता भूगोल. तो मी जरा सविस्तर सांगणार आहे. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला म्हणून नव्हे, तर या गावाचा इतिहास भूगोलाशिवाय उलगडतच नाही म्हणून.

भोकरदनच्या उत्तरेला अजिंठ्याचा डोंगर पूर्व-पश्चिम पसरलेला आहे. त्याच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाचे दोन भाग होतात. उत्तरेच्या उतारावर पडलेलं पाणी वाघूरसारख्या नद्यांमधून तापीला जातं आणि अरबी समुद्राला मिळतं. दक्षिणेच्या उतारावर पडलेलं पाणी केळणा, जुई, धामणा, गिरजा या नद्यांमधून पूर्णेला, पूर्णेतून गोदावरीला आणि पार आंध्रातून बंगालच्या उपसागराला जातं. (विदर्भातली पूर्णा वेगळी, ती तापीला मिळते. बाहेरच्या वाचकांचा इथे हमखास घोटाळा होतो.) म्हणजे आमचं पाणी पूर्वेला वाहतं. माल मात्र पश्चिमेला जायचा. सातवाहनांची राजधानी पैठण, आणि समुद्रावरचं मोठं बंदर भडोच. ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या प्रवासवर्णनात भडोचहून पैठणला वीस दिवस लागतात अशी नोंद आहे. पैठणहून उत्तरेकडे, उज्जैनकडे निघायचं तरी वाटेत अजिंठ्याचा डोंगर चढून-उतरून जावाच लागतो.

आता बैलाच्या पायाने हिशेब करा. भरलेली गाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालते. पैठणहून निघालेला तांडा चार-पाच मुक्काम करून केळणेच्या काठी, भोकरदनला पोहोचतो. पुढे अजिंठ्याचा घाट दीड दिवसावर. घाट चढायच्या आधी बैलांना विसावा हवा, चारा हवा, बारमाही पाणी हवं, गाडीचा मोडका आरा दुरुस्त करणारा सुतार हवा, मालाची अदलाबदल करणारा व्यापारी हवा. हे सगळं जिथे जमून येतं तिथे बाजार भरतो, बाजाराला कारागीर चिकटतात, कारागिरांना धान्य पुरवणारी काळीभोर जमीन चहूबाजूंना असतेच. राजाने फर्मान काढून वसवलेलं हे शहर नाही. ते मुक्कामातून वाढलं.

मण्यांचं गणितही याच जमिनीत आहे. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. तो थिजताना आत वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि त्यांत हळूहळू गारगोटी, अकीक, स्फटिक साचत गेले. शेतात नांगराला लागून, नदीच्या पात्रात गोट्यांमध्ये आजही असे रंगीत दगड मिळतात. मेंढरांमागे हिंडणारी पोरं ते गोळा करतात. सातवाहन काळातल्या कारागिराला कच्चा माल शोधायला लांब जायचं कारण नव्हतं.

1973 साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. आर. एस. गुप्ते यांच्या नावाने त्याचा अहवाल निघाला. बहात्तरचा दुष्काळ नुकताच अंगावरून गेला होता. सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढलेल्या, खडी फोडून हात फुटलेल्या लोकांच्या गावात परगावचे प्राध्यापक दोऱ्या लावून चौकोनी खड्डे आखत होते आणि ब्रशने माती झाडत होते. मी तेव्हा पाचवीत. आम्ही काठावर उकिडवे बसून तासन्‌तास बघायचो. आम्हाला वाटायचं हंडा निघणार. निघत होती खापरं, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या छोट्या मूर्ती, सातवाहनांची नाणी, हस्तिदंताच्या वस्तू. खड्ड्याच्या उभ्या भिंतीवर मातीचे पट्टे दिसायचे: एक राखाडी, एक विटकरी, एक काळसर. कुणीतरी सांगितलं की वरून खाली जाणं म्हणजे आजपासून मागे जाणं. काळ असा भिंतीवर पट्ट्यापट्ट्यांनी दिसू शकतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुढे तीस वर्षं वर्गात मी स्तर शिकवले ते त्या भिंतीच्या भरवशावर.

उत्खननात निघालेली एक वस्तू जगभरच्या अभ्यासकांच्या चर्चेत गेली. हस्तिदंतात कोरलेली स्त्रीमूर्ती, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. मूर्ती खंडित आहे. पण तिची सख्खी बहीण शोभावी अशी एक मूर्ती 1938 मध्येच इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात सापडली होती आणि ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिची उंची साधारण वीतभर. अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, दागिने मात्र भरगच्च, पाय एकमेकांवर आडवे टाकलेले, शेजारी शृंगाराचं सामान घेतलेल्या दोन दासी. डोक्यातून खाली उभं छिद्र आहे, म्हणजे ती आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या नक्षीदार आसनाचा पाय. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पॉम्पेई राखेखाली गेलं, तेव्हा ती तिथल्या एका घरात होती. तेरला, म्हणजे प्राचीन तगरला, याच घाटाची आणखी एक हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे.

नेपल्सची मूर्ती घडली कुठे याबद्दल मतभेद आहेत. आधी अभ्यासक मथुरेचं नाव घेत. तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, हा मुद्दाही दुर्लक्षून चालणार नाही. ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मात्र ती भोकरदनला घडली असावी असं मत मांडलं, आणि त्यांचा आधार इथे मिळालेलं साम्य हाच होता. गावात भाषणं होतात तेव्हा वक्ते हा ‘असावी’ गाळून टाकतात. मी तसं करणार नाही. आपल्या गावावर प्रेम असेल तर त्याच्याबद्दल खोटं बोलायची गरज पडत नाही. जे निश्चित आहे तेवढंही मोठं आहे: केळणेच्या काठी आणि व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी, एकाच काळात, एकाच घाटाच्या मूर्ती लोकांच्या हातात होत्या. दोघींच्या मध्ये घाट, बंदर, मोसमी वारा आणि तांबडा समुद्र एवढं सगळं होतं.

सामग्री जमवताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली आणि तिच्यावरच हे पुस्तक उभं आहे. भोकरदनचा इतिहास भोकरदनमध्ये फार थोडा आहे. तो बाहेर आहे. गावची माणसं सांचीच्या दगडात आहेत. मूर्तीची बहीण नेपल्सला. कलचुरी राजा शंकरगण याचा इसवी सन 597 चा ताम्रपट नाशिक जिल्ह्यात कळवणजवळ अभोण्याला मिळाला. तो सुटला उज्जैनच्या तळावरून, दान मिळालं कळवणच्या ब्राह्मणाला, आणि दिलेली जमीन होती भोगवर्धन विषयात, म्हणजे आमच्या प्रांतात. उज्जैन, कळवण, भोकरदन: तीन ठिकाणं एका तांब्याच्या पत्र्यावर. यावरून दोन गोष्टी कळतात. सातवाहन जाऊन साडेतीनशे वर्षं उलटली तरी भोगवर्धन हे एका प्रांताचं मुख्य ठाणं म्हणून ओळखलं जात होतं. आणि उत्तरेची जुनी वाट अजून चालू होती, नाहीतर उज्जैनला बसलेल्या राजाने केळणेकाठची जमीन कशाला वाटली असती?

गावात उरलं आहे ते लेणं. केळणेच्या काठालाच खडकात खोदलेलं, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराचं, वैष्णव मूर्तींचं. अजिंठ्याला जाणारे हजारो प्रवासी इथून तासाभराच्या अंतरावरून निघून जातात. लेणं लहान आहे, अजिंठ्याशी त्याची तुलना करू नये. पण अजिंठा वस्तीपासून दूर, दरीच्या एकांतात खोदला; आमचं लेणं गावाच्या पाणवठ्याशी आहे. तिथे भिक्षू ध्यानाला बसत होते, इथे बायका घागर भरून जाता जाता हात जोडत असतील. उत्तरेला अजिंठ्याच्या वाटेवर अन्व्याचं देऊळ आहे, यादवकाळातलं. खांब न्‌ खांब कोरलेला, बाहेरच्या भिंतींवर देवींच्या मूर्ती ओळीने. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी हे पुस्तक नाही वाचलं तरी चालेल, पण अन्व्याला जावं, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात जावं.

डोंगराच्या अंगाला, वालसावंगीच्या वर, जाळीचा देव हे महानुभावांचं स्थान आहे. श्रीचक्रधर मूळचे भडोचचे, असं पंथाची परंपरा सांगते. भडोच म्हणजे तेच, जिथे आमचा माल गलबतात चढायचा. हजार वर्षं माल खाली गेला, आणि तेराव्या शतकात त्याच मुलखातून एक माणूस वर आला आणि इथल्या लोकांशी इथल्या बोलीत बोलला. मराठी गद्याची पहिली पानं त्या बोलण्यातून लिहिली गेली. वाट म्हणजे काय ते यातून समजतं.

आणि मग 1803. भोकरदनचं नाव इंग्रजी कागदांत शिरलं ते या वर्षी, आणि ते ‘बोकरडन’ असं काहीतरी होऊन.

23 सप्टेंबर 1803 रोजी इथून पूर्वेला बारा-तेरा किलोमीटरवर असईची लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीची फौज आणि तिचा सेनापती आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. मराठ्यांची छावणी केळणेच्या उत्तर काठाने पसरली होती. उजव्या अंगाला भोकरदनजवळ घोडदळ, डाव्या अंगाला असईच्या बाजूने शिंद्यांचं कवायती पायदळ आणि तोफखाना, ज्याची आघाडी पोलमन हा हॅनोव्हरचा सरदार सांभाळत होता. मागे जुई. केळणा आणि जुई इथे थोड्या अंतराने जोडीने पूर्वेला वाहतात आणि पुढे एकमेकींना मिळतात. मधली जमीन जिभेसारखी निमुळती होत जाते. लढाई त्या जिभेवर झाली.

वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं होतं की पुढे नदी ओलांडायला जागा नाही. त्याने नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली (इंग्रजी कागदांत पीपलगाव आणि वारूर) आणि ठरवलं की इतकी जवळ, समोरासमोर गावं असतील तर मधे उतार असणारच. आणि तो होता. इंग्रजी पुस्तकं या क्षणाला सेनापतीची असामान्य बुद्धी म्हणतात. आमच्या कुठल्याही म्हाताऱ्याला हे विचारा. समोरासमोरच्या गावांत सोयरिकी होतात, एकमेकांच्या बाजाराला जाणं होतं, तेव्हा नदीतून जायची वाट असतेच. तिथे गुडघाभर पाण्याखाली खडक असतो आणि बैल बिचकत नाही. वेलस्लीने हेरलं ते खरं, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण तो उतार त्याने शोधला नाही. तो शेकडो वर्षं वापरात होता.

लढाईचा तपशील पुस्तकात स्वतंत्र प्रकरणात आहे. इथे एवढंच सांगतो की शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. ते तोफांपाशीच संगिनींनी मारले गेले, आणि इंग्रजांची ओळ पुढे निघून गेल्यावर जे जिवंत होते त्यांनी उठून त्याच तोफा पाठमोऱ्या शत्रूवर वळवल्या. हे लिहून ठेवलं आहे ते इंग्रजांनी. कंपनीच्या बाजूला 428 ठार आणि हजाराहून जास्त जखमी झाले. मराठ्यांचे रणांगणावर पडलेले बाराशे, हा इंग्रजांचाच अंदाज. 98 तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. कंपनीचे जखमी अजिंठ्याच्या गढीत हलवले गेले. शिंद्यांच्या जखमींचं काय झालं हे कुणी लिहिलेलं नाही, पण जवळपासच्या वस्त्यांनी त्या रात्री काय पाहिलं असेल याची कल्पना करता येते. केळणेचं पाणी सप्टेंबरमध्ये गढूळच असतं.

कंपनीच्या बाजूने लढलेल्या पलटणींच्या निशाणांवर पुढे ‘असई’ हे नाव आणि हत्तीचं चिन्ह चढलं. वेलस्ली इथून गेला, काही वर्षांनी नेपोलियनच्या फौजांशी लढायला पोर्तुगालमध्ये उतरला, आणि 19 जानेवारी 1812 रोजी त्याने स्पेनमधलं स्युदाद रोद्रिगो घेतलं. आगेदा नदीवरचं, पोर्तुगालच्या सरहद्दीपाशी वसलेलं, तटबंदीचं जुनं शहर. स्पेनने त्याला त्या शहराच्या नावाने ड्यूकपद दिलं. या शहराचा मी आवर्जून अभ्यास केला, कारण एकाच माणसाच्या चरित्रात आमचं गाव आणि ते शहर ही दोन पानं आहेत. तेही नदीकाठचं, सरहद्दीवरच्या वाटेला धरून वाढलेलं. त्याची तटबंदी उभी आहे. तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर तोफगोळ्यांचे व्रण अजून दिसतात. तिथल्या शाळेतल्या मुलाला इतिहास दाखवायला मास्तरांनी बोट वर करायचं.

आम्हाला बोट खाली करावं लागतं, मातीकडे. दगडी शहर डोळ्यांना दिसतं. मातीचं शहर पावसाबरोबर खचतं आणि स्वतःच्याच अंगावर पुन्हा उभं राहतं. मोठ्या वास्तू नाहीत म्हणून गावाला इतिहास नाही असं समजणारे लोक मला पुष्कळ भेटले, त्यात आमचेच जास्त. या समजाचं फळ रोज दिसतं. पांढरीची माती ट्रॉलीने भरून भरावासाठी नेली जाते. त्या मातीत खापराचा, मण्यांचा खच असतो, आणि तो रस्त्याखाली दाबला जातो. हे पाहताना मला अंगात दुखल्यासारखं होतं. एकदा जुन्या नोंदी बघायला एका कार्यालयात गेलो तर रजिस्टरं वाळवीने पार पोखरली होती. पान उलटायला गेलो की चुरा हातात यायचा. तिथल्या माणसाने चहा दिला, दिलगिरीही व्यक्त केली. चुऱ्याचं पुढे काय करणार होते, ते मी विचारलं नाही.

असईनंतरचा काळ मी पुस्तकात भरभर आटोपला आहे, कारण त्यावर इतरांनी लिहिलं आहे. निजामाच्या राज्यात भोकरदन हा औरंगाबाद जिल्ह्याचा तालुका होता. 1884 चं औरंगाबाद गॅझेटियर त्या काळाची चांगली ओळख करून देतं. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला, 1956 मध्ये मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला आणि आमच्या कागदांवरचं जिल्ह्याचं नाव बदललं. आठवडी बाजार, दवाखाना, सोयरिक यांसाठी लोक आजही सिल्लोडकडे आणि औरंगाबादेकडे, आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे, तितकेच जातात. जिल्हा बदलला तरी पाय जुन्या वाटेनेच वळतात.

या वाटांवरच सांगण्यासारखं आणखी थोडं आहे. राजूरचा गणपती आमच्या तालुक्यात, महाराष्ट्रातल्या गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक. अंगारकीच्या आदल्या रात्री जालन्याहून माणसं पायी निघतात. अख्खा रस्ता माणसांनी भरतो. वाटेत लोक चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी घेऊन उभे असतात. आणि पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीचा बाजार. हंगामात तिथे संध्याकाळनंतर जायला हवं. हिरव्या मिरचीच्या गोण्या, ट्रॅक्टर, पिकअप, ओरडून चाललेले सौदे, आणि हवेत असा ठसका की नवखा माणूस पाच मिनिटांत डोळे पुसायला लागतो. हमाल गोणी पाठीवर घेताना मानेभोवती टॉवेल गुंडाळतात, नाहीतर घामाबरोबर मिरची अंगात शिरते. रात्री ट्रक भरून परराज्यांत निघतात, तिथून काही माल देशाबाहेरही जातो. मला तिथे उभं राहिलं की भोगवर्धनचा बाजार कसा असेल ते पुराव्याशिवाय दिसतं. फक्त पूर्वी मणी आणि हस्तिदंत तयार करून पाठवायचे, आता कच्ची मिरची पाठवतो. घडवण्याची कला या गावातून कधी आणि कशी गेली, हा माझ्या मते भोकरदनच्या इतिहासातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे. शेवटचं प्रकरण त्यासाठीच राखून ठेवलं आहे.

पाण्याविषयीही एक प्रकरण आहे. दानापूरला जुईवर आणि शेलूदला धामणेवर धरण झालं. जुईचं धरण भरलं तर भोकरदनच्या नळाला पाणी, नाही भरलं तर टँकर, इतकं सरळ गणित आहे. ज्या केळणेच्या बारमाही पाण्यावर तांडे थांबले, तिच्या पात्रात उन्हाळ्यात आज क्रिकेट चालतं. अजिंठ्याच्या डोंगरावरची झाडी, विहिरी आणि बोअर, वाळूचा उपसा, हे सगळं त्या प्रकरणात आलं आहे.

नकाशे मी स्वतः काढले आहेत. असईचा नकाशा इंग्रजी नकाशांवरून घेतला, पण नंतर तीन उन्हाळे पायी फिरून नदीची वळणं तपासली. एका ठिकाणी पात्र सरकलेलं वाटलं. तिथे रेघ तुटक ठेवली आहे. ज्या शेतकऱ्यांनी आपल्या बांधांवरून मला फिरू दिलं, उतार दाखवायला स्वतः पाण्यात उतरले आणि दुपारी भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही, त्यांनी आपली नावं छापू नका असं सांगितलं. ती छापलेली नाहीत.

लेखनाबद्दल दोन शब्द. नदीचं नाव पुस्तकभर केळणा असंच लिहिलं आहे. इंग्रजी कागदांतलं कैलना किंवा केटना जिथे लढाईच्या कागदपत्रांचा उल्लेख आहे तिथेच येईल. जुईला इंग्रजांनी जुआ लिहिलं. प्राचीन काळाबद्दल लिहिताना भोगवर्धन, मध्ययुगापासून पुढे भोकरदन.

मुखपृष्ठावरचा मणी आजीच्या सरातला आहे. छायाचित्रात तो बोराएवढा दिसतो. प्रत्यक्षात किती आहे ते कळावं म्हणून त्याच्या शेजारी मसुरीचा एक दाणा ठेवला आहे.